नालेसारखे मूत्रपिंड कसे ओळखावे?

मंडळी, होळी झाली की भिगवणच्या पंचक्रोशीत ऊन तापू लागते. एका अंगाला १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचे पाणी पसरलेले, दुसऱ्या अंगाला उसाचे फड, आणि त्यांच्यामधून जाणारा पुणे-सोलापूर रस्ता. इतके पाणी डोळ्यांसमोर असूनही फडात राबणारा माणूस तांब्याभर पाण्यावर दिवस काढतो. अशा दिवसांत दवाखान्यात तीन वाक्ये हमखास ऐकू येतात : "उन्हाळी लागली", "कंबरेत चमक भरली" आणि "खडाच असंल, डॉक्टर."

हल्ली सोनोग्राफी करून घ्यायला पुण्याला जावे लागत नाही. तालुक्याच्या गावी ती होते. पोटावर थंडगार मलम लावून यंत्राची मूठ फिरवतात आणि थोड्या वेळात कागद हाती येतो. बहुतेकांच्या कागदावर खडा आहे किंवा नाही एवढाच निकाल असतो. पण एखाद्याच्या कागदावर 'हॉर्सशू किडनी' असे दोन शब्द येतात आणि तेथून घोटाळा सुरू होतो. घरी पोचेपर्यंत त्याचे "दोन्ही किडन्या चिकटल्या" असे होते आणि संध्याकाळी पारावर "आता किडनी बदलावी लागणार" असे ठरूनही जाते.

हॉर्सशू म्हणजे घोड्याची नाल. नालेसारखे मूत्रपिंड हा रोग नव्हे, तो जन्मापासूनचा आकार आहे. आधी हा आकार नीट समजून घेऊ. म्हणजे त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या गोष्टी कोणत्या, आणि त्याच्या नावावर खपणारे पण त्याचे नसलेले आजार कोणते, हे उमगेल.

आपली मूत्रपिंडे दोन. कंबरेच्या वरच्या भागात, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, घेवड्याच्या बीसारखी आणि मुठीएवढी. दिवसभरात ती सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला कामाचा भाग रक्तात परत घेतात आणि उरलेला दीड-एक लिटर लघवी म्हणून खाली सोडतात. प्रत्येक मूत्रपिंडात लघवी जमण्यासाठी नरसाळ्यासारखे एक कुंड असते. त्या कुंडातून एक बारीक नळी निघते, तिला मूत्रवाहिनी म्हणतात. दोन बाजूंच्या दोन मूत्रवाहिन्या खाली मूत्राशयात येऊन मिळतात.

आईच्या पोटात मात्र ही मूत्रपिंडे पहिल्यापासून कंबरेत नसतात. ती ओटीपोटात, एकमेकांच्या अगदी शेजारी तयार होतात आणि मग हळूहळू वर सरकतात. गर्भ साधारण चार ते आठ आठवड्यांचा असतो तेव्हा एखादे वेळी त्यांची खालची टोके एकमेकांना चिकटतात. मग दोन्ही मिळून वर सरकू लागतात, पण आतड्याला रक्त पुरवणारी एक रोहिणी समोरून येते आणि त्यांच्यामधला जोडपूल तिच्याखाली अडतो. म्हणून हे मूत्रपिंड नेहमीच्या जागेपेक्षा थोडे खालीच राहते. शंभरात नव्वदांहून अधिक वेळा जोड खालच्या टोकांचा असतो. वरची टोके जुळलेली क्वचितच आढळतात. हा पूल कधी मूत्रपिंडाच्याच मांसल भागाचा असतो, तर कधी नुसत्या चिवट तंतूंचा.

येथे सासूबाईंसाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. बाळात असे काही निघाले की सुनेला पहिला प्रश्न येतो, "गिराणात काय चिरलं होतंस का?" मंडळी, हा जोड होतो त्या आठवड्यांत दिवस गेल्याचे त्या मुलीला पुरते कळलेलेही नसते. ग्रहणाचा, विळीचा आणि सुईचा याच्याशी काही संबंध नाही. हा दोष बहुधा घराण्यातून येणाराही नव्हे. साधारण चारशे ते सहाशे माणसांत एकाला असे मूत्रपिंड असते, बायकांपेक्षा पुरुषांत दुपटीने. म्हणजे भरलेल्या बाजारातून तुम्ही एक फेरी मारलीत तर असा एखादा तरी माणूस तुमच्या अंगावरून गेलेला असेल, आणि बहुधा त्याचे त्यालाही ते ठाऊक नसेल. इटलीतल्या बेरेंगारिओ दा कार्पी या शरीरशास्त्रज्ञाने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात शवाची चिरफाड करताना हा आकार पाहून नोंदवला. त्या काळी मेल्यानंतरच कळणारी ही गोष्ट होती.

आता या आकाराने त्रास का होतो? बागाइतदाराला हे चटकन कळेल. विहिरीवरून दंड काढताना आपण उतार पाहतो. मधे बांध आडवा आला तर पाणी त्याच्यावरून चढवावे लागते, अलीकडे ते तुंबते, आणि तुंबल्या जागी गाळ बसतो आणि शेवाळ धरते. नालेसारख्या मूत्रपिंडाचे अगदी तसेच आहे. जोडामुळे मूत्रपिंडाला नीट वळता येत नाही, त्यामुळे कुंडाचे तोंड आतल्या अंगाऐवजी पुढच्या अंगाला राहते. मूत्रवाहिनी कुंडातून जरा उंचावरून निघते आणि जोडपुलाच्या पुढून, त्याच्यावरून खाली उतरते. हा झाला आडवा बांध. लघवी रेंगाळली की तिच्यातला गाळ म्हणजे खडा, आणि शेवाळ म्हणजे जंतूंची बाधा. कुंडाचे तोंडच चिंचोळे असेल तर कुंड फुगते. खडा, जंतू आणि तुंबणे, हे तीन त्रास या आकाराच्या पाठोपाठ येऊ शकतात. 'येऊ शकतात' असे मी मुद्दाम म्हणतो. कारण तिघांतील एकाला तरी जन्मभर कसलाच त्रास होत नाही.

आता मुख्य गोष्ट. लक्षणांवरून नालेसारखे मूत्रपिंड ओळखता येत नाही. लघवीला जळजळ, कंबरेत कळ, लघवीतून रक्त, थंडी वाजून ताप, यांतले एकही लक्षण त्याचे एकट्याचे नाही. कोणी नुसती नाडी पाहून किंवा पोट दाबून "तुमची किडनी जुळलेली आहे" असे सांगू लागला तर त्याच्यापुढून उठावे हे बरे. हा आकार चित्रातच दिसतो. चित्रातही त्याची भावंडे आहेत, म्हणून पाहणाराही फसू शकतो.

नेहमीच्या चित्रात मूत्रपिंडांची वरची टोके कण्याच्या जवळ आणि खालची टोके दूर असतात, घराच्या छपराच्या दोन उतारांसारखी. नालेसारख्या मूत्रपिंडात हे उलटे होते. खालची टोके जवळ येतात आणि वरची फाकतात. खिलार बैलाची शिंगे डोळ्यांपुढे आणा, की चित्र पटेल. उजवा भाग उजवीकडे आणि डावा डावीकडेच असतो. दोन्ही मूत्रवाहिन्या आपापल्या बाजूनेच उतरतात. ही खूण ध्यानात ठेवा, कारण भावंडे येथेच वेगळी पडतात.

पहिले भावंड म्हणजे एकाच बाजूला जुळलेली मूत्रपिंडे. यात एक मूत्रपिंड कण्याची मधली रेघ ओलांडून दुसऱ्या बाजूला जाते आणि तिथल्या मूत्रपिंडाला खालून चिकटते. एक बाजू रिकामी, दुसऱ्या बाजूला लांबलचक मूत्रपिंड, असे चित्र दिसते. पण ओलांडून आलेल्या मूत्रपिंडाची वाहिनी पुन्हा मधली रेघ ओलांडून मूत्राशयाच्या आपल्या मूळ बाजूला जाऊन मिळते. सासरी गेलेल्या लेकीने माहेरची वाट न सोडावी, तसे हे आहे.

दुसरे भावंड म्हणजे ओटीपोटातले मूत्रपिंड. ते वर चढलेच नाही, खालीच राहिले. ते जुळलेले नसते; दुसरे आपल्या जागी नीट असते. तपासणाऱ्याच्या हाताला ओटीपोटात गोळा लागतो, आणि बाईमाणूस असेल तर तो गर्भाशयाचा किंवा बीजकोशाचा वाटतो. येथे खरा धोका आहे. असा गोळा रोगट गाठ समजून काढला गेला, आणि मागाहून कळले की त्या व्यक्तीचे तेच एकुलते एक मूत्रपिंड होते, अशा घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या आहेत. म्हणून ओटीपोटातल्या कुठल्याही गोळ्याच्या शस्त्रक्रियेआधी "दोन्ही मूत्रपिंडे जागेवर दिसली का?" एवढा प्रश्न घरच्यांनी जरूर विचारावा. विचारण्यात कसला अपमान नाही.

तिसरे भावंड, जन्मतः एकच मूत्रपिंड असणे. सोनोग्राफीत डावी जागा रिकामी दिसली म्हणून तेथे 'एकच आहे' असे लिहिणे सोपे असते. ओटीपोटात आणि पलीकडच्या बाजूला शोधूनच ते लिहायचे असते. चौथे, दोन्ही मूत्रपिंडे ओटीपोटातच एकमेकांत मिसळून झालेला भाकरीसारखा चपटा गोळा. तो फार विरळ. आणि पाचवे म्हणजे नुसते वळण चुकलेले मूत्रपिंड. कुंडाचे तोंड पुढे असते, पण जोड कुठेच नसतो.

सोनोग्राफीला हा जोडपूल नेहमी दिसतोच असे नाही. तो कण्यापुढे असतो आणि त्याच्यापुढे आतडी असतात. आतड्यांत वायू भरलेला असला की पलीकडचे काही दिसत नाही, धुक्यात उजनीचा पलीकडचा काठ दिसू नये तसे. जाणता तपासनीस अशा वेळी दोन खुणा पाहतो. मूत्रपिंडे नेहमीपेक्षा खाली आहेत का, आणि त्यांची खालची टोके स्पष्ट न दिसता आत वळून हरवतात का. तशी शंका आली तर सी. टी. स्कॅन केला की जोड, वाहिन्या आणि रक्तवाहिन्या तिन्ही दिसतात. उलट बाजूनेही फसगत होते. कधी हा मांसल पूलच कण्यापुढची अवधाणाची गाठ म्हणून वाचला जातो. रोडक्या माणसाच्या बेंबीजवळ तो हाताला लागतो, आणि मागच्या महारोहिणीचे ठोके त्यातून जाणवल्यामुळे महारोहिणीच फुगली आहे असा भास होतो.

भावंडांचे झाले. आता आजारांकडे वळू. येथे प्रश्न वेगळा असतो. आकार नालेसारखा आहे हे खरे, पण आजचा त्रास त्याचाच का?

खड्याची कळ पाठीच्या बाजूने उठून जांघेकडे उतरते. माणूस एका जागी बसत नाही, लोळतो, उलटी करतो. नालेसारख्या मूत्रपिंडातला खडा मात्र चकवतो. मूत्रपिंडच खाली आणि मध्याकडे असल्यामुळे कळ कंबरेऐवजी पुढे, बेंबीच्या आसपास येऊ शकते. मग घरचे म्हणतात "वायगोळा उठला", आणि ओव्याचे पाणी सुरू होते. आंत्रपुच्छाच्या सुजेचे दुखणे बहुधा बेंबीशी सुरू होऊन उजव्या अंगाला खाली सरकते, आणि तो रोगी हालचाल टाळून निपचित पडून राहतो. लोळणारा आणि निपचित पडणारा, एवढा फरक घरच्यांनाही दिसतो. पण यावरून औषध ठरवू नका. दवाखान्यात सांगायला ते उपयोगी पडते.

कुळथाचे कढण पिऊन किंवा पानफुटी खाऊन खडा पडला असे सांगणारे प्रत्येक गावात चार जण भेटतात. पाच मिलिमीटरच्या आतले पुष्कळसे खडे नुसत्या पाण्यानेही पडतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. कढणाला माझी हरकत नाही, ते अन्नच आहे. पण मूत्रपिंड नालेसारखे असेल तर वाटेतल्या बांधामुळे बारीक खडाही रेंगाळू शकतो, आणि बाहेरून लहरी सोडून फोडलेल्या खड्याचा चुरासुद्धा मागे राहू शकतो. म्हणून खड्याचा उपचार ठरवण्याआधी आकार शल्यवैद्याला ठाऊक हवा. या मूत्रपिंडाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्याही किती आणि कुठून निघतील याचा नेम नसतो. त्यांचा नकाशा आधी पाहूनच पोटात सुरी घालतात.

उन्हाळी म्हणून आपण जिला म्हणतो ती बहुधा मूत्राशयाची जंतुबाधा असते. जळजळ, घडीघडी लघवी, ओटीपोटात ठणका. पण ताप फारसा नसतो. हुडहुडी भरून ताप आला, कंबर एका अंगाने दुखू लागली, ओकारी आली, की जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले असे समजावे. तेव्हा सब्जाच्या पाण्यावर रात्र काढू नये. फडावर तोडणीला येणाऱ्या बायकांना ही बाधा वारंवार होते. आडोसा नाही म्हणून त्या लघवी दाबून ठेवतात, आणि लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. असल्या बाईच्या सोनोग्राफीत नालेसारखे मूत्रपिंड निघाले तरी सगळा दोष त्याच्यावर ढकलून चालणार नाही.

महिनोन्‌महिने जळजळ आहे, लघवीत पू सापडतो, पण जंतूंची नेहमीची तपासणी कोरी येते आणि गोळ्यांनी उतार पडत नाही, असे असेल तर मूत्रमार्गाच्या क्षयाची शंका घ्यावी लागते. घरात आईला किंवा वडिलांना मूत्रपिंडाचा विकार होता, रोग्याचा रक्तदाब वाढलेला आहे आणि चित्रात दोन्ही मूत्रपिंडे पाण्याच्या फोडांनी भरून मोठी झाली आहेत, तर तो वेगळाच, घराण्यातून उतरणारा विकार आहे. आईबापांपैकी एकाला तो असेल तर प्रत्येक मुलाला येण्याचा संभव निम्मा असतो. नालेच्या आकाराशी त्याची गल्लत करणे महागात पडते, कारण तेथे भावंडांचीही तपासणी करायची असते. आणि पन्नाशी ओलांडलेल्या, विड्या ओढणाऱ्या माणसाच्या लघवीतून काहीही न दुखता रक्त गेले, तर आकार कसाही असो, मूत्राशयाचा कर्करोग नाही याची खात्री करून घेतलीच पाहिजे.

कुंड फुगलेले दिसणे हा सर्वांत अवघड भाग. कागदावर 'सूज' असे लिहिलेले असते आणि शस्त्रक्रियेची भाषा सुरू होते. नालेसारख्या मूत्रपिंडात कुंड मुळातच थोडे सैल दिसते. दिसते तेवढे तुंबलेले असतेच असे नाही. खरोखर अडथळा आहे का, हे किरणोत्सारी द्रव्य टोचून आणि मग लघवी वाढवणारे औषध देऊन घेतलेल्या आलेखावरून कळते. आपल्या भाषेत, दंडात पाणी सोडून ते पुढे वाहते की नाही हे पाहणे. म्हणून कोणती तपासणी कशाचे उत्तर देते हे लक्षात असू द्या. सोनोग्राफी आकार सांगते. लघवीची तपासणी जंतू आणि रक्त सांगते. रक्तातले क्रिएटिनिन मूत्रपिंडे काम किती करतात ते सांगते, आणि हा आलेख वाट मोकळी आहे का ते सांगतो. आकार वाकडा पण क्रिएटिनिन ठीक, असा माणूस शेतात नांगर धरू शकतो; आकार सरळ पण क्रिएटिनिन चढलेले, तो खरा आजारी.

पूर्वी कित्येक शल्यवैद्य दुखते म्हणून हा जोडपूलच कापून दोन्ही बाजू सुट्या करीत. आता तसे सरसकट करत नाहीत, कारण पूल कापून वाहिनीचा चढ सुधारत नाही. अडथळा असेल तर अडथळा, खडा असेल तर खडा, असा ज्याचा त्याचा उपाय होतो. त्रास नसेल तर औषधही नाही. पाणी भरपूर प्यावे आणि डॉक्टर सांगतील त्या अंतराने लघवी व सोनोग्राफी पाहावी. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्याला ससून आहे. मूत्रमार्गाच्या कित्येक शस्त्रक्रिया महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात. जमीन गहाण टाकण्याआधी तेवढी चौकशी करावी.

मुलीच्या कागदावर हे दोन शब्द आले म्हणून ठरलेले लग्न मोडू नये. नालेसारखे मूत्रपिंड असलेल्या बायका बाळंत होतात. दिवस गेल्यावर डॉक्टरांना सांगावे आणि लघवी वेळोवेळी तपासावी, इतकेच.

गुरुजी आणि बाई, तुम्हाला वेगळे सांगायचे आहे. लहान मूल "जळजळतं" असे म्हणत नाही. त्याला कारण न कळता पुन्हा पुन्हा ताप येतो, वजन वाढत नाही, किंवा अंथरूण ओले करणे बंद झालेले पुन्हा सुरू होते. वर्गातून घडीघडी "बाहेर जाऊ का?" विचारणाऱ्या पोराला छडी दाखवण्याआधी त्याच्या आईला बोलावून विचारा. सातवी-आठवीतली एखादी मुलगी बरोबरीच्या मुलींच्या मानाने फारच ठेंगणी राहिली असेल आणि वयात येण्याची चिन्हे नसतील, तर तिलाही डॉक्टरांकडे न्यायला सांगा. टर्नर नावाच्या एका जन्मजात अवस्थेत असे होते, आणि त्या मुलींत नालेसारखे मूत्रपिंड इतरांहून पुष्कळ अधिक आढळते. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते, तेव्हा अशा मुलांची नावे आधी काढून ठेवावीत.

आणि ज्याच्याजवळ असा कागद आहे त्याने तो आधार कार्डाबरोबर जपून ठेवावा. हा जोडपूल कण्याच्या पुढे, बरगड्यांच्या आसऱ्याबाहेर असतो. बैलाची लाथ बसली, ट्रॅक्टरचे चाक पोटावर आदळले किंवा मोटारसायकलवरून पडणे झाले, तर तो कण्यावर चेचला जाऊ शकतो. अशा वेळी दवाखान्यात पोचल्या पोचल्या, लघवी लाल दिसण्याची वाट न पाहता, "याची किडनी नालेसारखी आहे" हे बरोबरच्या माणसाने सांगितले पाहिजे; आणि त्यासाठी ते घरातल्या आणखी एका माणसाला आधीपासून माहीत असले पाहिजे.